वेळापत्रकात ऊन

सिव्हिलमधून दोन बायका आल्या होत्या,
निळ्या डब्यात बर्फ, काचेच्या बारक्या नळ्या.
पाचवी ते सातवी, चाळीस पोरं.
रांग लावायचं काम माझं.
शाळेत रांग कशाचीही असो, लावायचं काम माझंच.

पंधरा दिवसांनी कागद आले.
भार्गवी बिटला, सहावी ब : अकरा.
तिनं कागद उलटून मागे बघितलं,
उरलेले गुण पाठीमागे असतील म्हणून.
"कितीपैकी ओ सर?"
पैकी नसतं यात, मी म्हणालो,
वीसच्या वर पाहिजेत, तीस असले तर बरं.
"म्हणजे नापास."
सुफियानला आठ. तो खूष होता,
ज्याला कमी त्याला औषध,
आणि औषध म्हणे दुधातून घ्यायचं.

मला आधी हसूच आलं.
सोलापुरात, आणि उन्हाची टंचाई!
जिथं एप्रिलात डांबर चप्पल धरून ठेवतं,
पत्र्यावरचे सांडगे दुपारपर्यंत खडखडतात,
म्हशीसुद्धा पाण्याबाहेर यायला नाही म्हणतात,
त्या गावात पोरांच्या हाडांपर्यंत
ऊन पोचलेलं नाही?

मग एका रविवारी घरकुलात गेलो.
खिडकीला साडी लावलेली, दार अर्धं पुढं केलेलं.
बाप रात्रपाळी करून आलेला, भिंतीकडे तोंड करून झोपलेला,
म्हणून घरात सगळे कुजबुजत चालतात.
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
साडी जराशी सरकवली तर म्हणाली,
नको सर, पान वाळतं. वाळलं की फाटतं.
हजाराचा हिशोब आहे.
भार्गवी शेजारी बसून दोरा गुंडाळत होती,
तिची बोटं आईपेक्षा चलाख.
रात्री पाय ठणकतात हिचे, आई म्हणाली,
वाढीचं वय आहे, तेल लावते मी.

कोपऱ्यात दोन टॉवेल होते, विणीत चुकलेले,
कारखान्यानं बापाच्या पगारात लावलेले.
जाड, मऊ, माणसाएवढे लांब.
एवढा मोठा कशाला लागतो, मी विचारलं.
भार्गवी म्हणाली, बाहेरच्या देशात जातात,
तिथली माणसं यावर उघडी झोपतात. उन्हात. मुद्दाम.
आणि आईकडे बघून हसली,
आम्ही तिघं हसलो, हळू, बाप जागा होईल म्हणून.

घरी येऊन वेळापत्रक काढलं.
बुधवार, चौथी तासिका, खेळ : गणिताला दिली.
शुक्रवार, सहावी, खेळ : शिष्यवृत्तीच्या सरावाला.
दोन्हीकडे सही माझी,
निळ्या शाईत, चांगली वळणदार.
त्या तासांना मी ऑफिसात असतो,
पंख्याखाली, पोरांची माहिती संगणकात भरत :
उंची, वजन, आधार.

वर्गात भार्गवी खिडकीपाशी बसते.
रोज अकराच्या सुमाराला ऊन तिच्या वहीवर येतं,
मनगटावर चढतं, कोपरापर्यंत जातं.
मला वाटलं, निदान एवढं तरी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचेतून आलेलं धरत नाहीत.

मुख्याध्यापकांशी वाद झाला, तो सांगत नाही.
बुधवार मिळाला. शुक्रवार अजून नाही.
चौथ्या तासाला पोरं मैदानात आली
आणि सवयीनं लिंबाखाली जाऊन उभी राहिली.
इकडं या, मी ओरडलो, बाह्या वर करा.
पंधरा मिनिटं. मग पाणी, मग सावली.
कुणी डोळे मिचकावले, कुणी दप्तर डोक्यावर धरलं,
सुफियान हात पसरून गोल फिरायला लागला,
जसं काही ऊन सगळीकडून लागायला हवं.

भार्गवी माझ्याजवळ आली.
"सर, तुमचं किती आलं?"
मीही रक्त दिलं होतं त्या दिवशी, रांगेत शेवटचा,
पोरांना धीर यावा म्हणून.
वीस वर्षं खेळाचा मास्तर. गळ्यात शिट्टी.
चौदा, मी म्हणालो.
तिनं हिशोब केला, बोटांवर नाही, मनात.
"तीन जास्त," म्हणाली,
आणि माझ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाकडे
बघत राहिली.